हिशोब मागाच, पण संस्थेचा जीव बघून मागा

सप्टेंबर आला की छोट्या छोट्या संस्थांच्या चिटणीसांची जी पळापळ सुरू होते ती ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. गावातलं सार्वजनिक वाचनालय, तालुक्याची व्यायामशाळा, महिला मंडळ, मतिमंद मुलांची शाळा चालवणारा ट्रस्ट, सगळ्यांना ३० तारखेच्या आत ऑडिट रिपोर्ट पाहिजे, कारण ३१ मार्चला हिशोब बंद झाल्यापासून सहा महिन्यांत तो धर्मादाय कार्यालयात, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, गेला पाहिजे असा नियम आहे. आयकरवाल्यांची ऑडिटची तारीख पण तीच असते, धंदेवाल्यांच्या टॅक्स ऑडिटची पण तीच, आणि त्यात मध्येच गणपती. मग तालुक्यातले जे दोन-तीन सीए आहेत त्यांच्याकडे वाचनालयाची फाईल सगळ्यात खाली जाते, साहजिक आहे, कारण व्यापाऱ्याकडून जी फी मिळते ती वाचनालय देऊ शकत नाही आणि बिचारा सीए बऱ्याचदा हे काम समाजसेवा म्हणूनच करत असतो.

मी स्वतः अशा काही संस्थांच्या कागदपत्रांचं काम बघतो, पगार वगैरे काही नाही, आवड म्हणून. त्यामुळे हे लांबून लिहीत नाहीये. माझं म्हणणं असं आहे की हिशोब प्रत्येक संस्थेकडून घेतलाच पाहिजे, लोकांचा पैसा आहे, त्यात सूट नको. पण आज आपण संस्थेचा आकार न बघता सगळ्यांकडून जवळजवळ सारखाच कागद मागतो, तोही तीन-चार ठिकाणी वेगवेगळा, आणि ज्या लोकांच्या नावाने मागतो त्यांना तो कागद कधी बघायला मिळत नाही. यात प्रामाणिक छोटी संस्था दमते आणि ज्याच्यावर खरं लक्ष ठेवायला पाहिजे तो चांगला वकील, चांगला सीए लावून सगळे फॉर्म वेळेत भरून मोकळा होतो.

वर्षाचं चक्र कसं असतं ते आधी बघा. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवली की तिथेच थांबता येत नाही, धर्मादाय काम करणारी सोसायटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली पण नोंदवावी लागते, म्हणून आपल्याकडच्या संस्थांच्या लेटरहेडवर दोन नंबर असतात, एक सोसायटीचा आणि एक एफ नंबर. दोन नोंदणी म्हणजे दोन ठिकाणी कळवणं आलं. कार्यकारिणीची यादी दरवर्षी सोसायटी रजिस्ट्रारकडे, आणि तेच बदल पुन्हा चेंज रिपोर्ट म्हणून धर्मादायकडे, बहुतेक ठिकाणी त्याच इमारतीत. ठराविक मर्यादेच्या वर उत्पन्न असेल तर वर्ष सुरू व्हायच्या महिनाभर आधी बजेट द्यायचं. मे संपायच्या आत आयकराचा १०बीडी, म्हणजे ८०जी ची, देणगीवर करात वजावट मिळवून देणारी, पावती ज्यांना दिली त्या प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन, पत्ता, रक्कम, आणि त्याशिवाय देणगीदाराला सर्टिफिकेट निघत नाही नि वजावटही मिळत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी, वर १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मग वार्षिक सर्वसाधारण सभा. मग ऑडिट, धर्मादायच्या नमुन्यात वेगळं आणि आयकराच्या नमुन्यात वेगळं. ५ कोटीच्या वर उत्पन्न किंवा परदेशी पैसा असेल तर ऑडिटचा फॉर्म १०बी, नाहीतर १०बीबी. ३१ ऑक्टोबरला आयटीआर-७, म्हणजे संस्थेचं आयकर विवरण. परदेशातून देणगी घेणारी संस्था असेल तर डिसेंबरअखेर एफसी-४, म्हणजे परदेशी देणग्यांचं वार्षिक विवरण, एक रुपया आला नसला तरी. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आला त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलतात, मी इथे सगळ्यांच्या तोंडात बसलेली जुनीच नावं वापरतोय. वाचनालय असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे अनुदानासाठीचा अहवाल अजून वेगळा.

हे सगळं १०० कोटींची संस्था करते तेव्हा तिच्याकडे अकाउंट्स डिपार्टमेंट असतं. आमच्याकडे एक अर्धवेळ ग्रंथपाल आहे, ज्यांचं मानधनच अनुदान आल्यावर मिळतं, आणि चिटणीस म्हणजे रिटायर झालेले मास्तर. दोन्हीकडे तारखा सारख्या आणि चुकलं की बसणारा फटका पण बराचसा सारखा.

आता चेंज रिपोर्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ज्याने तो प्रकार केला नाही त्याला वाटतं की नावंच तर बदलायची आहेत. कायदा म्हणतो की विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांत कळवा. बरोबर आहे. पण कळवणं म्हणजे पत्र टाकणं नाही, ती एक केसच असते, तिला नंबर पडतो, तारखा पडतात, हरकती मागवतात, पुरावा द्यावा लागतो. फाईलमध्ये सभेची नोटीस, ती सगळ्या सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्ताची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे राजीनामे, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, घटनेची प्रत, परिशिष्ट एकची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादायच्या नोंदीची, सही-शिक्क्याची नक्कल आणि अॅफिडेव्हिट. आणि यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे साखळी. २००९ ची निवडणूक अजून मंजूर नसेल तर २०१४ ची कमिटी कुठून आली असा प्रश्न येतो, २०१४ ची अडकली की २०१९ ची अडकते, आणि तोपर्यंत २००९ च्या कमिटीतले निम्मे लोक हयात नसतात.

माझ्या ओळखीच्या एका वाचनालयात अगदी हेच चाललंय. गाव छोटं, वाचनालय जुनं, सभा दरवर्षी होते, प्रोसिडिंग बुक व्यवस्थित, निवडणुका घटनेप्रमाणे, भांडण कसलंच नाही. तरी परिशिष्ट एकवर आजही जुनीच नावं, कारण त्या वेळचा चेंज रिपोर्ट निकालीच निघाला नाही. अध्यक्ष वारले, तेव्हाचे चिटणीस मुलीकडे पुण्याला गेले. बँक म्हणते सही बदलायची तर धर्मादायचा उतारा आणा, आणि बँकेचं चूक नाही, तिला दुसरा कागद धरताच येत नाही. आयकराच्या पोर्टलवर संस्थेच्या लॉगिनला मोबाईल नंबर वारलेल्या अध्यक्षांचा, तो नंबर आता त्यांचा मुलगा वापरतो, तो भला माणूस, त्याला फोन करून ओटीपी विचारायचा. अनुदान खात्यात येऊन पडतं आणि काढायला सही चालत नाही. ग्रंथपालबाईंना काही महिने नवीन अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. यात कुणी चोरी केली नाही, कुणी काही लपवलं नाही, उलट सगळे मदतच करतायत, आणि तरी कायद्याच्या नजरेत ही संस्था कसूरदार आहे.

२०१७ साली कायद्यात सुधारणा झाली आणि वाद नसेल तर बदल तात्पुरता कामाच्या १५ दिवसांत मंजूर करायचा, मग हरकती मागवायच्या, अशी सोय आली. चांगली सोय आहे, ज्यांनी ती केली त्यांचं मनापासून कौतुक. पण ती नव्या, सरळ प्रकरणांना उपयोगाची, मागची साखळी तुटलेली असेल तर तिचा फायदा मिळवताना परत जुन्या फायली उकराव्या लागतात. विलंब माफीचा अर्ज वेगळा. आणि इतक्या वर्षांचं काम निकाली काढायला कार्यालयांत माणसं कुठे आहेत? एकेका जिल्ह्याच्या कार्यालयावर जेवढ्या संस्थांचा भार आहे तो बघितला की तिथल्या बाबूंवर चिडायला पण होत नाही.

मग लोक म्हणतात की ट्रस्ट कशाला, सरळ कलम ८ ची कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा संस्था, काढा. गेल्या काही वर्षांत तरुण पोरं तेच करतायत, कारण कंपनी घरबसल्या ऑनलाईन नोंदवता येते, कुठल्या कार्यालयाच्या तारखा नाहीत, डायरेक्टर बदलला की फॉर्म भरला आणि झालं, आणि सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही हा प्रकार ओळखीचा वाटतो. हे सगळं खरं आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. नोंदणीपासून ३० दिवसांत ऑडिटर नेमायचा, सहा-सहा महिन्यांत किमान एक बोर्ड मीटिंग, ३० सप्टेंबरपर्यंत एजीएम म्हणजे वार्षिक सभा, तिच्यानंतर ३० दिवसांत एओसी-४ म्हणजे ताळेबंद, ६० दिवसांत एमजीटी-७ म्हणजे वार्षिक विवरण. राहिलं तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा फी, तिला वरची मर्यादा नाही. म्हणजे दोन फॉर्म एक वर्ष राहिले तर ७३,००० रुपये, मग त्या संस्थेने त्या वर्षात आदिवासी पाड्यावर वह्या वाटण्यापलीकडे एकही व्यवहार केलेला नसो. लागोपाठ तीन वर्षं राहिलं तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र, फक्त या कंपनीत नाही तर इतर कंपन्यांतही त्यांची नेमणूक होत नाही. २०१७ साली असे तीन लाखांवर डायरेक्टर एका झटक्यात अपात्र ठरले होते ते आठवत असेल, त्यात शेल कंपन्यावाले होते तसेच बंद पडलेल्या संस्थांवर नाव राहिलेले साधे लोक पण होते.

आणि यात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट ही. कंपनी कायद्यात 'छोटी कंपनी' असा एक वर्ग आहे. २०२२ मध्ये त्याची मर्यादा ४ कोटी भांडवल आणि ४० कोटी उलाढालीपर्यंत नेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये १० कोटी आणि १०० कोटींपर्यंत. त्या वर्गातल्या कंपनीला वार्षिक विवरणाचा सोपा फॉर्म आहे, बऱ्याच दंडाच्या रकमा निम्म्या किंवा त्याहून कमी आहेत. ठीक आहे, छोट्या उद्योजकाला मदत झालीच पाहिजे. पण त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की कलम ८ ची कंपनी, ती कितीही लहान असली तरी, छोटी कंपनी धरायची नाही. म्हणजे ९९ कोटींचा धंदा करून नफा वाटून घेणारी कंपनी छोटी आणि वर्षाला दोन लाखांत अंधशाळेसाठी ऑडिओ पुस्तकं बनवणारी छोटी नाही. हे ज्या काळी लिहिलं तेव्हा त्याला काही कारण असेल, की ना-नफा कंपनीला सवलती मिळतात म्हणून तिच्यावर नजर जास्त हवी. पण नजर ठेवणं वेगळं आणि दिवसाला १०० रुपये वेगळे, त्या फीने कोणती नजर राहते? फी वाढत वाढत इतकी होते की संस्था भरूच शकत नाही, मग ती फाईलच करत नाही, म्हणजे जी माहिती हवी होती ती कायमची बंद. आणि मग काही वर्षांनी सरकारलाच अभय योजना आणावी लागते, २०१८ ला एक आणली, २०२० ला फ्रेश स्टार्ट म्हणून जादा फी माफ केली. दर थोड्या वर्षांनी माफी द्यावी लागत असेल तर तो दंड कुणाला शिस्त लावत नाहीये हे उघड आहे, उलट जो कर्ज काढून वेळेत फी भरतो तोच फसतो.

आयकरात तर याहून भीती घालणारी एक गोष्ट आहे. पूर्वी १२ए ची, म्हणजे संस्थेला करसवलत देणारी, नोंदणी एकदा झाली की झाली. २०२१ पासून सगळ्यांना परत नोंदणी करायला लावली, आणि ती पाच वर्षांची केली. त्या पहिल्या फेरीची मुदत वाढवत वाढवत शेवटी ३० जून २०२४ पर्यंत न्यावी लागली, यावरूनच कळतं की खाली किती जणांपर्यंत ही गोष्ट पोचलीच नव्हती. ज्यांनी २०२१ मध्ये केली त्यांची पाच वर्षं ३१ मार्च २०२६ पर्यंत, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी. २०२३ पासून असंही आलं की अर्ज वेळेत नाही केला तर संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरेल त्यावर सगळ्यात वरच्या दराने कर लागू शकतो. म्हणजे गावठाणातली वाचनालयाची जुनी इमारत, आजोबांच्या पिढीने श्रमदानाने बांधलेली, आता रस्ता रुंद झाल्यामुळे जागेचा भाव वाढलेला, आणि चिटणीसांनी एक फॉर्म विसरला म्हणून त्या भावावर कर. ऑक्टोबर २०२४ पासून उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना दिला आणि २०२५ च्या बजेटमध्ये ५ कोटींपर्यंतच्या संस्थांना नोंदणी १० वर्षांची मिळेल असं केलं. हे दोन्ही निर्णय फार चांगले आहेत आणि मी ते मुद्दाम सांगतोय, कारण संस्थेचा आकार बघून नियम करता येतो हे सरकारनेच दाखवून दिलं. मग तेच बाकीच्या ठिकाणी का नाही?

याच्या उलट बाजूने जे बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे आणि त्यात तथ्य आहे. ट्रस्टच्या नावाखाली काय काय चालतं हे महाराष्ट्राला सांगायला नको. शिक्षणसंस्था घराण्याची मालमत्ता झाल्या, डोनेशनचे पैसे कच्च्या पावतीवर घेतले गेले, देवस्थानांच्या इनाम जमिनी कुठच्या कुठे गेल्या. सवलत दिली तर लबाड माणूस एका मोठ्या ट्रस्टचे दहा छोटे ट्रस्ट करेल असंही म्हणतात, आणि करतीलही काही जण, म्हणून एकाच कुटुंबाच्या किंवा एकाच पत्त्यावरच्या संस्था एकत्र मोजल्या पाहिजेत. पण मुळात प्रश्न असा आहे की एवढा कागद मागून मोठी लबाडी सापडली का. पुण्यातल्या मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या जागेच्या विक्रीचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं. ट्रस्टची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३६, ती घेतलेली होती, म्हणजे कागद पूर्ण होते. ती परवानगी शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली, ती समाजातले लोक रस्त्यावर आले, मुनी उपोषणाची भाषा करायला लागले, पेपरांनी लावून धरलं म्हणून. लोकांना कळलं म्हणून. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

धर्मादाय रुग्णालयांचं पण बघा. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून आहे, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात ठेवायची. ही खरी देखरेखीची जागा आहे. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आज त्या खाटांपैकी किती भरल्यात, फंडात किती शिल्लक आहे, रात्री दोन वाजता पेशंट घेऊन गेलेल्या नातेवाइकाला 'खाट नाही' सांगितलं ते खरं की खोटं, हे तपासायला धर्मादायच्या इन्स्पेक्टरला वेळ पाहिजे. तो वेळ आज वाचनालयाच्या आणि भजनी मंडळाच्या चेंज रिपोर्टवर सुनावण्या घेण्यात जातोय. कार्यालयाची माणसं तेवढीच राहणार असतील तर ती कुठे लावायची हे ठरवावंच लागेल.

बाहेर हे कसं करतात ते बघायला हरकत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशन आहे, तिथे वर्षाचं उत्पन्न १०,००० पौंडांच्या आत असलेल्या बहुतेक संस्थांनी फक्त उत्पन्न किती, खर्च किती आणि विश्वस्त कोण एवढं ऑनलाईन अपडेट करायचं असतं, त्याच्या वरच्या एका ठराविक मर्यादेपर्यंत बाहेरच्या माणसाकडून हिशोब तपासून घ्यायची सक्ती नाही, पूर्ण ऑडिट फार वरच्या पायरीला लागतं. अमेरिकेत ५०,००० डॉलरच्या आत असलेल्या संस्थेला ९९०-एन नावाचं छोटंसं ऑनलाईन कार्ड भरायचं असतं, पत्ता, प्रमुखाचं नाव, अजून चार-दोन गोष्टी, दहा मिनिटांचं काम. तिथल्या आपल्या छोट्या महाराष्ट्र मंडळांपैकी बऱ्याच जणांचे खजिनदार हेच भरतात, त्यांना विचारून बघा. पण ते सोपं आहे म्हणून ढिलं आहे असं नाही. लागोपाठ तीन वर्षं भरलं नाही तर करसवलत आपोआप रद्द होते, २०११ साली पहिल्यांदा ही यादी निघाली तेव्हा जवळपास पावणेतीन लाख संस्था त्यात होत्या. सोपा फॉर्म, कडक अट. आणि मोठ्या संस्थांनी भरलेलं ९९० कुणीही मागून बघू शकतं, त्यात मोठ्या अधिकाऱ्यांचे पगार सुद्धा असतात. तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पण फॉर्म कुणासाठी आहे याचं उत्तर त्यांच्याकडे आहे.

आपल्याकडे तर याची सवय जुनीच आहे. गणेश मंडळं अहवाल छापतात, त्यात वर्गणीदारांची नावं, रक्कम, मांडवाचा खर्च, बँडचा खर्च, शिल्लक, आणि गल्लीतली माणसं तो अहवाल वाचतात, मंडपवाल्याला एवढे कसे दिले म्हणून अध्यक्षाला चौकात थांबवून विचारतात. त्या प्रश्नाला घाबरून जेवढं नीट लिहिलं जातं तेवढं कुठल्याही नोटीसीला घाबरून लिहिलं जात नाही हे मी बघितलंय.

म्हणून मला वाटतं सुरुवात इथून करावी. धर्मादाय कार्यालयात जमा झालेला प्रत्येक ट्रस्टचा ताळेबंद आणि जमाखर्च, नंबर किंवा गावाचं नाव टाकलं की कुणालाही फुकट, वकिलाशिवाय, मोबाईलवर दिसला पाहिजे, मराठीत. हॉस्पिटलचा, शिक्षणसंस्थेचा, देवस्थानचा आणि आमच्या वाचनालयाचा पण. देणगीदारांचे पॅन-पत्ते झाकून ठेवा, बाकी उघडं. मग वर्षाला समजा १० लाखांच्या आतली संस्था असेल तर तिला एक पानी विवरण पुरे, सर्वसाधारण सभेत वाचून मंजूर झालेलं, दोन सभासदांनी तपासून सही केलेलं, सोबत बँकेचं स्टेटमेंट. तेच विवरण आयकराला पण चाललं पाहिजे, तेच सोसायटी रजिस्ट्रारला, दोन सरकारी खात्यांनी एकमेकांकडून घ्यावं, आम्ही दोनदा का टाइप करायचं? सरकारी किंवा सीएसआरचा पैसा घेत असेल तर ऑडिट ठेवा, माझी हरकत नाही. उशिराच्या फीला त्या वर्षाच्या उत्पन्नाच्या काही टक्क्यांची कमाल मर्यादा घाला आणि कलम ८ वाल्यांना छोट्या कंपनीच्या व्याख्येतून बाहेर ठेवणारी ओळ काढा, तेवढ्या एका ओळीने शेकडो चांगली पोरं वाचतील. १० लाखांचा आकडा मी ढोबळ धरलाय, तो चर्चेने ठरवता येईल.

विश्वस्तांच्या नावांचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटणार नाही. तिथे जुनी साखळी तोडणारी एकदाची मोहीम लागेल. ज्या संस्थेत वाद नाही, तिने आजची सभा बोलवावी, तालुक्याच्या पेपरात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावावी, ३० दिवसांत हरकत आली नाही की आजची नावं परिशिष्टावर चढवावी आणि मधल्या सगळ्या पडून असलेल्या फायली बंद कराव्या. वाद असेल तिथे जरूर सुनावणी घ्या. पण जिथे भांडायला दुसरी बाजूच नाही तिथे न्यायालयासारखं काम चालवून कुणाचं रक्षण होतंय?

आता संस्थावाल्यांनाही सांगतो, आपल्यातच सांगतो. बऱ्याच ठिकाणी इतिवृत्त वर्षाच्या शेवटी एका बैठकीत लिहिलं जातं, सगळ्या सह्या एकाच पेनाने. पावती पुस्तकं घरी नेलेली असतात. अध्यक्ष वीस-वीस वर्षं तेच आणि तिशीतला एकही सभासद नाही, मग पोर्टल कोण उघडणार? ८०जी ची पावती देताना पॅन घेतलेला नसतो आणि मे महिन्यात देणगीदारांना फोन करत बसावं लागतं. सभा झाली त्याच दिवशी इतिवृत्त लिहून वाचून दाखवायचं, संस्थेच्या नावाने एक वेगळा मोबाईल नंबर घ्यायचा जो कुठल्याही अध्यक्षाबरोबर जाणार नाही, डिजिटल सही कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचं, ९० दिवसांची वाट न बघता निवडणूक झाल्याबरोबर चेंज रिपोर्ट टाकायचा, आणि जमाखर्च वाचनालयाच्या दारावर लावायचा, कायदा सांगो न सांगो. याला पैसे लागत नाहीत. आपण हे केलं नाही तर आपल्याला सवलत द्या असं म्हणायला तोंड राहणार नाही.

ज्यांच्या संस्थेचा चेंज रिपोर्ट दोन वर्षांपेक्षा जास्त पडून आहे त्यांनी अर्जाचा नंबर, दाखल केलेली तारीख आणि पुढची तारीख एवढं एका कागदावर लिहून ठेवा. तालुक्यातल्या संस्थांची अशी एक यादी झाली की ती घेऊन अधिवेशनाच्या आधी आमदारांना भेटता येतं, त्यावर लक्षवेधी लावता येते, तारांकित प्रश्न टाकता येतो, किती प्रकरणं किती वर्षं प्रलंबित आहेत हे सभागृहात लेखी उत्तरात यावं लागतं. आमच्या तालुक्यात आम्ही वाचनालयांपासून सुरुवात करतोय.